चक्कर न मारता घेतलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि मला एका जागी उभं राहता येत नाही. हे मी माझ्या स्वभावाबद्दल सांगते आहे आणि स्टँडबद्दलही. माझ्या स्टँडची स्प्रिंग केव्हाच सैल झाली आहे. भिंतीला टेकवलं नाही तर मी हळूहळू कलत जाते आणि शेवटी धाडकन आडवी होते. आत्ता मी जिन्याखाली भिंतीला टेकून उभी आहे. वरच्या मजल्यावर दाराची कडी वाजली की मला निघायचं आहे, आणि आजचं निघणं रोजच्यासारखं नाही. तेवढ्या वेळात माझी गोष्ट सांगून टाकते. मध्येच निघून गेले तर राग मानू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या नळ्या कापल्या, जोडल्या, घासल्या आणि हिरव्या रंगात न्हाऊ घातल्या. एका अबोल कारागिराने माझ्या चाकांची एकेक तार ताणली. तो चाक फिरवायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि चाक केसभर जरी डुगडुगलं तरी पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात करायचा. मला तेव्हापासूनच घाई. सोड की बाबा आता, रस्ता तरी बघू दे, असं मला होऊन गेलं होतं. पण पुढे इतके खड्डे खाऊनही माझी चाकं सरळ राहिली ती त्याच माणसामुळे. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

माझी पहिली मालकीण म्हणजे घरोघर जाऊन गाणं शिकवणाऱ्या बाई. काय दिवस होते ते! सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, संध्याकाळी तिसरीकडेच. बाई चालवता चालवता गुणगुणायच्या आणि तान घेताना त्यांचा पायही जोरात पडायचा. दर रविवारी मला पुसायच्या आणि तेल द्यायच्या. लोक म्हणायचे, बाईंची सायकल अजून कशी नव्यासारखी आहे. तेव्हा माझी घंटी जरा जास्तच खणखणीत वाजत असे.

मग बाईंनी स्कूटर घेतली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. आधी माझ्या हँडलवर ओला टॉवेल आला, मग कॅरियरवर फुलझाडाची कुंडी आली, मग मी इथे आहे हेच सगळे विसरले. कुंडीला घातलेलं पाणी रोज माझ्या मागच्या चाकात ठिबकत होतं. माझ्यासारखीला एका जागी उभं करून वर झाड लावायचं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. खालून जाणाऱ्या प्रत्येक सायकलीची घंटी मला ऐकू यायची आणि माझं पुढचं चाक आपोआप रस्त्याकडे वळायचं. कोणीतरी येऊन ते पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवायचं.

त्या पाण्याने काय केलं ते आताच सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच येणार आहे. मागच्या चाकाच्या मध्यभागी फ्रीव्हील असतं. त्याच्या पोटात छोटे दात असतात. कारागीर त्यांना कुत्री म्हणतात. तुम्ही पेडल मारलं की ती कुत्री चावा घेतात आणि चाक पुढे ओढतात. माझी कुत्री गंजून आळशी झाली होती. हलक्या हाताने पेडल फिरवलं तर ती धरायची, पण कोणी अंगाचं वजन टाकून जोर लावला की सोडून द्यायची आणि पेडल रिकामं फिरायचं. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसण्यासारखं नव्हतं.

असा आजार पोटात घेऊन मी जुन्या सायकलींच्या दुकानात आले. दुकानदाराने मला पुसलं, नवे टायर आणि नवे ब्रेकचे रबर बसवले, रंगाचे टवके झाकले आणि दाराजवळ उभं केलं. नव्या सायकली आत काचेमागे होत्या. माझ्याकडे बघायचे ते हातात थोडे पैसे आणि डोळ्यांत बरीच काळजी असलेले लोक.

त्यातल्याच या दोघी. एक उंच, चष्मा लावलेली, बोटावर टाचणीच्या खुणा असलेली. दुसरी तिच्यापेक्षा लहान आणि गप्प गप्प. उंच बाई दुसरीला वहिनी म्हणत होती आणि दुसरी तिला ताई म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणते. ताई ही वहिनीची मोठी नणंद. ताईचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, आजारपणात गेला आणि दोन खोल्यांत या दोघीच उरल्या. ताई घरी शिवणकाम करायची, पण तिचे डोळे अधू होत चालले होते आणि सुईत दोरा ओवायला वहिनीला हाक मारावी लागत होती. अशात वहिनीला इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळत होतं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. पाळी पहाटेची, आणि त्या वेळी बस नसते.

तिथले साहेब कडक. त्यांच्या शर्टाची घडी इतकी धारदार की सगळे त्यांना माघारी इस्त्रीसाहेब म्हणत. आधीची बाई बसची वाट बघत राहायची आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत चादरी उशिरा पोहोचायच्या. म्हणून त्यांनी वहिनीला आधीच विचारलं की तुम्ही येणार कशा. वहिनी म्हणाली, सायकलने. साहेब म्हणाले, मग या. आधी काही महिने बघू, एकदाही उशीर झाला नाही तर कायम करू.

दुकानात ताईने मला कापड बघावं तसं बघितलं. आधी उलटी बाजू, मग शिवण, म्हणजे माझे सांधे. सीट कितपत खाली येते, चेनवर झाकण आहे का, साडी अडकेल का, मडगार्ड खडखडतं का, सगळं विचारून घेतलं. दुकानदार म्हणाला की महिनाभरात काही निघालं तर त्याची जबाबदारी त्याच्यावर. मग सगळेच दुकानदार सांगतात ते त्यानेही सांगितलं.

"एक चक्कर मारून बघा."

मी आनंदाने थरथरले. कितीतरी वर्षांनी चक्कर! पण वहिनी माझ्या सीटवरची नसलेली धूळ झटकत म्हणाली, "चक्कर काय मारायची? सायकल ती सायकल."

ताई कौतुकाने हसली. "तिला काय चक्कर मारायला सांगता? माहेरी सगळी पंचक्रोशी पालथी घातली आहे तिने सायकलवर."

दुकानदाराने खांदे उडवले आणि मला फळीवरून खाली उतरवलं. मी हिरमुसले, पण मनात म्हटलं, असू दे, घरी तर चालवतच नेईल. वहिनीने माझं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि मला घरापर्यंत चालत नेलं. ताईशी बोलत बोलत जायचं म्हणून, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच कडी वाजली. वहिनीने मला बाहेर काढलं. ताई खिडकीतून बघत होती. वहिनी माझ्या डाव्या बाजूने चालत कोपऱ्यापर्यंत गेली. आता बसेल, असं मी म्हटलं. ती कोपरा वळून पुढच्या चौकापर्यंत गेली. आता बसेल. औषधांचं दुकान गेलं, शाळेची भिंत गेली, नाल्यावरचा पूल गेला. ही बाई मला इस्पितळापर्यंत हाताला धरून घेऊन गेली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे ती माझ्याशी बोलत होती. नवीन लग्न झालं तेव्हा सासरच्या बायका गोल करून बसल्या आणि काय काय येतं ते विचारू लागल्या. शिवण येत नव्हतं, विणकाम येत नव्हतं, गाण्याचा तर प्रश्नच नव्हता. सगळ्यालाच नाही म्हणायचं म्हणून जीव कानकोंडा झाला आणि तोंडातून निघून गेलं की मला सायकल येते. खरं तर सायकल चालवायचा तिचा भाऊ. ती मागे कॅरियरवर बसायची. पण सासरी कोणाकडे सायकलच नव्हती, त्यामुळे कोणी दाखव म्हटलं नाही आणि ती थाप तशीच घरात नांदत राहिली. ताईला तर त्याचं फार कौतुक. येईल जाईल त्याला सांगायची.

आता ती थाप पोटापाण्यावर आली होती. सायकल येत नाही म्हणावं तर काम जातं आणि ताईसमोर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून वहिनी घरून फार लवकर निघायची आणि मला हातात धरून भराभर चालायची. फाटक दिसलं की पदराने घाम पुसायची, श्वास आवरायची आणि आत्ताच खाली उतरल्यासारखी मला ढकलत आत न्यायची. फाटकावरचा वॉचमन रोज मान हलवून दार उघडायचा.

मित्रांनो, माझी दशा काय सांगू! चाकं असून चालत जायचं. जेवायला बोलावून ताटच वाढलं नाही तर कसं वाटेल? माझ्या अंगात नुसती वळवळ सुटायची. उतार आला की मी पुढे ओढ घ्यायची आणि वहिनी घाबरून ब्रेक दाबायची. बस ना ग एकदा, असं मी मनात शंभरदा म्हणत असे. आणि लगेच मीच नको, बसू नकोस असंही म्हणत असे, कारण ती बसली आणि जोर लावला तर काय होईल, ते मला माहीत होतं. मला पळायचंही होतं आणि पळायची धास्तीही होती. तीही माझ्याबरोबर धास्तावलेली. एका हँडलला दोघींच्या दोन थापा लटकत होत्या.

त्यात ताईने एक दिवस म्हटलं की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, मला डबलसीट सोड. वहिनी म्हणाली, टायरमध्ये हवा कमी आहे. माझे टायर दगडासारखे टणक होते. मला भारी अपमान वाटला. पुढच्या खेपेला चेनला तेल नव्हतं. त्यानंतर ताईने विषय काढला नाही. डॉक्टरकडे जाणंही राहिलं. काही दिवसांनी मशीनची सुई तिच्या बोटात शिरली आणि तिने चिंधी गुंडाळून काम पुढे चालू ठेवलं.

असाच महिना उलटून गेला. तोपर्यंत वहिनी थोडी धीट झाली होती. शाळेच्या भिंतीपाशी उतार लागतो. एकदा उशीर होतोय असं वाटून तिने डावा पाय माझ्या खालच्या पेडलवर ठेवला आणि उजव्या पायाने रस्ता ढकलला. मी सरकले! ती दचकून उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा पाय ठेवला. त्या दिवसापासून आम्ही अशा अर्ध्या चालत आणि अर्ध्या धावत जाऊ लागलो. लंगडी घातल्यासारखीच ती तऱ्हा, पण वारा तर लागत होता. पेडलला जोर लागतच नव्हता, त्यामुळे माझं बिंग झाकलेलं राहिलं. सीटवर मात्र वहिनी काही बसली नाही.

आणि एका शनिवारी परत येताना पुलापाशी पाटी दिसली. सोमवारपासून पूल दुरुस्तीसाठी बंद, पायी जाणाऱ्यांनाही. वहिनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत उभी राहिली. आता पाण्याच्या टाकीच्या चढावरून मोठा वळसा घालायचा होता. तो वळसा चालत घातला असता तर ती मध्यरात्रीच निघाली तरी दमून गेली असती, आणि असं किती दिवस करणार? घरी येऊन तिने मला जिन्याखाली टेकवलं आणि माझ्या सीटवर डोकं ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली.

रविवारी सकाळी जिन्यावरून पावलं आली, पण वहिनीची नव्हती. ताई आपल्या मशीनची तेलाची कुपी घेऊन खाली आली होती. चष्मा नाकावर, एक बोट बांधलेलं. ती खाली बसली आणि चाचपडत माझ्या चेनला थेंब थेंब तेल घालू लागली. वहिनी मागून आली आणि ते बघून पायरीवरच थबकली.

"तेल नाही म्हणत होतीस ना," ताई म्हणाली, "माझ्याकडे होतंच की. सांगायचं नाही का?"

वहिनीला मग राहवलं नाही. "ताई, मला सायकल येत नाही."

"आता काय बिघडलं हिचं?"

"हिचं नाही. मलाच येत नाही. कधीच येत नव्हती. भाऊ चालवायचा आणि मी मागे बसायचे. मी रोज चालत जाते, आणि उद्यापासून पूल बंद आहे."

ताईच्या हातातली कुपी तशीच राहिली आणि तेल फरशीवर ओघळलं. तिने रागवावं, ओरडावं, असं वहिनीला वाटत असणार. पण ताईने हळू आवाजात एवढंच विचारलं, "माझ्या भावाला माहीत होतं?"

"हो. पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. ते खूप हसले. म्हणाले, ताईला नको सांगूस, ती सगळ्यांना इतक्या कौतुकाने सांगते."

ताई पायरीवर बसली. भावाची आठवण अशी अचानक जिन्याखाली भेटेल, असं तिला वाटलं नसावं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि उठून माझं हँडल धरलं. मैदानावर चल, म्हणाली. उद्या सोमवार आहे.

इमारतीच्या मागे मोकळं मैदान आहे. त्या दिवशी सकाळी तिथे जे झालं ते पाहायला तुम्ही हवे होता. ताईने साडी खोचली, माझं कॅरियर दोन्ही हातांनी धरलं आणि वहिनीला सीटवर बसवलं. ती बसली! मी इतकी हरखले की आधी सरळ जायचंच विसरले. आम्ही कुंपणाला धडकलो, वाळूच्या ढिगात शिरलो, एका झोपलेल्या कुत्र्याला उठवलं. ताई धापा टाकत मागे धावत होती आणि समोर बघ, चाकाकडे बघू नकोस, असं सारखं बजावत होती. पण एक गोष्ट मला लगेच जाणवली. वळताना वहिनीचं अंग बरोबर त्या बाजूला झुकत होतं. कॅरियरवर बसून सायकल येत नाही, पण तोल मात्र येतो. हळूहळू आम्ही सरळ जाऊ लागलो आणि मागचे हात कधी सुटले ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

"सोडलं मी," दुरून ताई म्हणाली.

वहिनीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. रडणं नव्हे आणि हसणंही नव्हे. मला वाऱ्याशिवाय काही सुचत नव्हतं. मी माझा आजार साफ विसरले होते. मैदानाच्या टोकाला थोडा चढ आहे. वहिनीने पहिल्यांदाच सगळा जोर एकवटून पेडल दाबलं आणि माझ्या कुत्र्यांनी चावा सोडला. पेडल रिकामं फिरलं, तिचा पाय खाली गेला आणि आम्ही दोघी पडलो.

तिचा गुडघा फुटला होता. पण तिला लागलं होतं ते दुसरीकडेच. ती मातीत बसून राहिली आणि म्हणाली, "मला नाही जमायचं, ताई. उद्या साहेबांना सांगून टाकते, दुसरी कोणी बघा म्हणून."

मित्रांनो, आयुष्यात मी इतकी कधी तळमळले नाही. गॅलरीतसुद्धा नाही. चूक माझी होती आणि ही बाई ती स्वतःच्या माथी घेऊन हातचं काम सोडायला निघाली होती. मला तोंड नाही. एक घंटी आहे, पण तीही दुसऱ्याने वाजवावी लागते. माझं वरचं चाक हवेत फिरत होतं, तेवढंच.

ताईने तिला उठवलं नाही. आधी विचारलं, "कसं झालं नेमकं? पाय निसटला का?"

"निसटला नाही. रिकामा गेला. जिन्यात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं."

ताई म्हणाली की तिच्या मशीनचा पट्टा सैल झाला की अगदी असाच पाय रिकामा जातो. जन्मभर पायाने मशीन चालवलेली बाई ती. तिने मला उभं केलं, माझं मागचं चाक दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं आणि पेडलवर सगळा भार दिला. माझ्या पोटात कट्कन आवाज झाला आणि पेडल खाली गेलं. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा कट्.

"वहिनी, तू पडली नाहीस. हिने पाडलं तुला."

मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. कोणीतरी ओळखलं एकदाचं.

दोघी मला तशाच दुकानात घेऊन गेल्या. रविवारची गर्दी होती. आईबाप मुलांना सायकली दाखवत होते. दुकानदाराने मला ओळखलं, ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. महिना तर उलटून गेला, म्हणाला. आणि एवढे दिवस रोज कामावर नेता ना? तेव्हा सरकली नाही आणि आजच बरी सरकली? कोणीतरी आडदांडपणे चालवलेली दिसते. दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. ताई भांडायच्या तयारीने पुढे झाली, पण वहिनीने तिचा हात धरून तिला मागे सारलं.

"मी ही एक दिवसही चालवलेली नाही," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला येत नव्हती. रोज हातात धरून नेते. तुम्ही चक्कर मारा म्हणालात, तेव्हा मी खोटं बोलले."

दुकानदाराने वाकून माझे ब्रेकचे रबर बघितले. जसे बसवले होते तसे, जवळजवळ कोरे. त्याने माझ्या पेडलवर हाताने भार टाकला, कट् ऐकलं आणि मान खाली घातली. चक्कर मारली असती तर त्याच दिवशी कळलं असतं, असं तो पुटपुटला, आणि मग म्हणाला की त्याने स्वतः तरी कुठे मारली होती. रंग दिला आणि दारात उभी केली, झालं.

त्याने माझं मागचं चाक काढलं. गंजलेलं फ्रीव्हील फिरवून बाहेर ओढलं तेव्हा त्यातून तांबडी पूड सांडली. एका गॅलरीतल्या कुंडीचं सगळं पाणी होतं ते. नवं फ्रीव्हील बसलं, तेल पडलं, चाक जागेवर आलं. पैसे घेणार नाही म्हणाला, पण एक अट घातली. आता चक्कर मारायची, त्याच्यासमोर.

वहिनी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत माझ्यावर बसली. आम्ही डुगडुगत निघालो, कोपऱ्यावरच्या पिंपाला घासलो, वळलो आणि परत आलो. येताना दुकानासमोर छोटासा चढ होता. तिने श्वास रोखून पेडल दाबलं. माझ्या नव्या कुत्र्यांनी असा कडकडून चावा घेतला की मीच चकित झाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक लहान मुलगी मात्र बापाला म्हणाली की आपणही आधी चक्कर मारून बघू.

सोमवारी पहाटे आम्ही टाकीच्या चढावर निघालो. वहिनीचे हात हँडलवर इतके आवळलेले होते की माझ्या मुठी दुखायला लागल्या. दोनदा उतरलो, एकदा गटारीकडे गेलो, एका रिकाम्या रिक्षाला उगाचच वाट दिली. पण चढ चढलो. वरून उतार लागला तेव्हा वहिनीने ब्रेकवरची बोटं सैल केली आणि मी सुटले. इतक्या वर्षांची सगळी तगमग मी त्या एका उतारावर रिकामी केली.

फाटकाशी ती खरोखरची उतरली. वॉचमनने दार उघडलं आणि म्हणाला, "आज चालवत आलात."

वहिनीचा चेहरा उतरला. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं. तो म्हणाला की सायकलवरून येणाऱ्या माणसाच्या चपला अशा झिजत नाहीत. मग कोणाला बोलला का नाहीत, तर म्हणाला, तुम्ही वेळेवर येत होता, आणि माझं काम फाटक उघडायचं. इस्त्रीसाहेबांनी नेहमीप्रमाणे आधी घड्याळाकडे आणि मग तिच्याकडे बघितलं. त्यांना यातलं आजतागायत काही माहीत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी वहिनीला कायम केलं.

मित्रांनो, माझं सांगणं थोडकंच आहे. जुनी सायकल घ्यायला गेलात तर रंग बघून भुलू नका. एक चक्कर मारा, आणि चढावर मारा. येत नसेल तर येत नाही म्हणा, म्हणजे कोणीतरी मागे धरायला येतं. आणि घेतल्यावर आम्हाला अडगळीत उभं करू नका. आम्ही वापरून जेवढ्या झिजतो त्याहून जास्त उभ्या उभ्या कुजतो. तेलाचे चार थेंब द्या. तेही जमलं नाही तर निदान आमच्यावर कुंडी तरी ठेवू नका.

थांबा, कडी वाजली. आज दोन जोडी पावलं उतरत आहेत. आज रोजची वाट नाही, आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. गेले कित्येक दिवस वहिनी कॅरियरवर चिंध्यांचं गाठोडं बांधून मैदानावर सराव करते आहे. गाठोडं दोनदाच पडलं. पण ताई म्हणजे गाठोडं नव्हे, आणि माझं पुढचं चाक आतापासूनच रस्त्याकडे वळलं आहे.

ताई कॅरियरवर एका बाजूने बसली. तिने कॅरियर दोन्ही हातांनी घट्ट धरलं आहे. वहिनीने मागे न बघताच सांगितलं, "मी जिकडे झुकेन तिकडे झुका, ताई. मागे कसं बसायचं ते तुम्ही मला विचारा."

ताई हसते आहे. पाय पेडलवर पडला. मित्रांनो, मी निघाले.